काळोख मोजणारे चाचा

आयुष्यात मी नाना तऱ्हेची माणसं पाहिली. स्कूटरची समजूत काढणारी पाहिली, देवाला दम भरणारी पाहिली, स्वतःच्याच लग्नात वाढपी म्हणून राबणारीही पाहिली. पण रोज सकाळी बरोबर दहा मिनिटं काळोख मोजणारा, आणि आजचा काळोख कालच्यापेक्षा वेगळा निघाला म्हणून नाश्ता न करणारा माणूस मी एकच पाहिला. ते आमचे चाचा. नात्यानं ते माझे कुणी नव्हेत. वाळूजला औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्यात मी केमिस्ट म्हणून लागले, तेव्हा ते तिथं होतेच. यंत्रं ज्या खोक्यांतून आली त्याच खोक्यांतून तेही आले असावेत असं वाटावं, इतके होतेच. वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना चाचा म्हणत. खरं नाव हजेरीच्या मशीनला तेवढं ठाऊक. बेताची उंची, राखाडी सफारी, मेंदीनं लाल केलेली दाढी आणि जाड भिंगांचा चष्मा, जो ते बोलताना घालत आणि बघताना काढत. गाव देवगाव रंगारी. आजोबा कापड रंगवायचे, आणि हंड्यातला रंग उतरला की नाही हे सकाळच्या एका ठरावीक उन्हातच बघायचे, ढग आले तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचे, असं चाचा सांगत. "आमच्या खानदानात उजेडाचीच नोकरी हाय," हे त्यावरचं त्यांचं भाष्य.

ही नोकरी काय होती ते आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं भुताटकीचं वाटेल. (ते तसं वाटणारच आहे, पण माझ्यावर तरी दोष नको.) आमच्याकडं दोन मजली उंचीची स्टीलची बंद भांडी आहेत, त्यांना रिॲक्टर म्हणतात. आत रसायनं ढवळली जातात आणि त्यांचं एकमेकांशी काय चाललंय ते बाहेरच्याला दिसत नाही. पूर्वी दर तासाला कुणीतरी बाटलीत नमुना घेऊन प्रयोगशाळेकडे पळायचं, आणि निकाल हाती येईपर्यंत आत भलतंच काही होऊन बसलेलं असायचं. आता भांड्याच्या पोटात एक पोलादी कांडी सोडलेली असते. तिच्या टोकाला नखाएवढी कठीण काचेची खिडकी. केसासारख्या बारीक काचेच्या तारेतून, आपल्या डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा उजेड त्या खिडकीपर्यंत जातो, रसायनात शिरतो आणि परत येतो. वाटेत कुठल्या पदार्थानं कुठला उजेड किती गिळला, त्यावरून आत काय आहे आणि किती आहे ते दर अर्ध्या मिनिटाला पडद्यावर रेघेनं उमटतं. परतलेल्या उजेडावरून प्रमाण काढायचं गणित मी बसवलं होतं. शेकडो नमुने तपासून, लग्नाचे दोन चांगले मुहूर्त हुकवून बसवलं होतं, त्यामुळं त्याचा मला बेसुमार अभिमान होता. कांड्या, तारा आणि दिवे मात्र चाचांच्या ताब्यात. तिथं मॅनेजरचंही बोट चालत नसे.

तर काळोख. यंत्राला उजेड मोजायला लावायचं तर आधी त्याला पूर्ण पांढरं काय आणि पूर्ण काळं काय ते दाखवावं लागतं. दिवा झाकायचा, यंत्राला नुसता अंधार बघू द्यायचा, आणि उजेड नसतानाही त्याला जे काही थोडंफार 'दिसतं' ते नोंदवून पुढच्या मापातून वजा करायचं. आमच्या धंद्यात याला अंधार घेणं म्हणतात. इतर ठिकाणी हे काम दहा सेकंदांत उरकतात; चाचा दहा मिनिटं घेत. त्या दहा मिनिटांत कंट्रोल रूममधला पंखा बंद, मोबाइल बंद, खुर्ची हलवायची नाही, शिंक आली तर दाराबाहेर जाऊन द्यायची. "चाचा, यंत्राला कान नसतात," असं मी नवी असताना एकदा म्हटलं. "यंत्राला नाय, बेटा," ते शांतपणे म्हणाले, "मला हायेत." एकदा तपासणीला आलेल्या एका बड्या साहेबांनी आठव्या मिनिटाला प्रश्न विचारला. चाचांनी ओठांवर बोट ठेवलं, त्यांच्याकडं दुःखानं पाहिलं, आणि पुन्हा पहिल्यापासून अंधार घ्यायला सुरुवात केली. साहेब फाइल छातीशी धरून दहा मिनिटं मूर्तीसारखे उभे. घामानं शर्ट चिकटला, पण हलले नाहीत. जाताना शेरा लिहून गेले, की एवढी शिस्त आपण क्वचितच पाहिली. त्यानंतर मॅनेजर प्रत्येक पाहुण्याला अंधार बघायला आणू लागले. जेवण नंतर, आधी अंधार.

पांढऱ्याची तऱ्हा तर त्याहून वेगळी. यंत्राला पांढरं दाखवायला एक तळहाताएवढी चकती असते. तिच्याइतकं पांढरं कारखान्यात दुसरं काही नसतं. चाचा ती चाचींच्या दागिन्यांच्या जुन्या मखमली डबीत ठेवत आणि डबी कपाटात, कपाटाची चावी सफारीच्या आतल्या खिशात. नातू झाला तेव्हा त्यांनी सगळ्या खात्याला घरून नान आणि मटणाचा खलिया आणला. मॅनेजर जेवून तृप्त होऊन आले आणि "हीच का ती चकती?" म्हणून त्यांनी तिला प्रेमानं बोट लावलं. पुढचे चार दिवस आमचा प्रत्येक रिॲक्टर कसलातरी तेलकटपणा दाखवू लागला. मी गणित तपासलं, कच्चा माल तपासला, पुरवठादाराशी फोनवर भांडले. चाचांनी पाचव्या दिवशी चकती तिरकी धरून उन्हात पाहिली आणि मॅनेजरांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाले, "साहेब, तुमच्या बोटाचा रस्सा आज सहा भांड्यात पोचला." मॅनेजर दोन दिवस हात खिशात घालून हिंडत होते.

बाहेरच्या जगातही त्यांची नजर तशीच चाले. नळाला आठवड्यानं पाणी आलं की पहिला ग्लास खिडकीशी धरून, चष्मा काढून, ते बराच वेळ बघत. चाची तोवर हंडे रिकामेच घेऊन उभ्या. कॅन्टीनच्या आचाऱ्याला एकदा त्यांनी पोळी वाढता वाढता थांबवलं, खिडकीजवळ नेलं, त्याचे डोळे पाहिले आणि सांगितलं, "तुझ्यातून उजेड पिवळा यायला लागला. आजच्या आज दवाखान्यात जा." आचारी चिडला, पण गेला. कावीळ निघाली. तेव्हापासून कॅन्टीनमध्ये चाचांच्या समोर बसायला माणसं घाबरत. आपल्यातून कसला उजेड येतोय हे ऐकायची कुणाचीच तयारी नसे. मी स्वतः त्यांच्या शेजारी बसत असे, समोर नाही.

पण त्यांची सगळ्यात चमत्कारिक खोड म्हणजे सरळ रेघेचं वावडं. भांग वाकडा पाडत. इस्त्रीची घडी घरून निघताना मुद्दाम चुरगळून येत. माझ्या टेबलावरची फूटपट्टी त्यांनी तीनदा कागदाखाली लपवली. पडद्यावरची रेघ नेहमी जराशी थरथरत असते, कारण आत ढवळणी फिरते, बुडबुडे खिडकीवरून सरकतात. मला ती थरथर डोळ्यांत खुपायची, आणि चाचा तिच्याकडं बघत बघत डबा खात. "हालतीय ना? मग ठीक हाय," असं म्हणून पुढचा घास घेत. मी ही गोष्ट हसत हसत सगळ्यांना सांगायची. एके दिवशी कारखान्याच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या कचरूलाही सांगितली. कचरू आमचा जुना ऑपरेटर, दौलताबादहून येणारा. सीताफळांच्या दिवसांत त्याच्या पिशवीचा वास नगर नाक्यापर्यंत बसमध्ये भरून राही. तो हसला नाही.

"मॅडम, त्याच्यावर हसू नका," तो म्हणाला. "आधीच्या कारखान्यात चाचाचा एक दोस्त होता. भिमा. वैजापूरचा. दोघं एका ताटात जेवायचे. चाचा खाली पडद्यापाशी, भिमा वर भांड्यापाशी. एक दिवस रेघ लई सरळ आली. चाचा माइकवर बोलला, लाइन एकदम सरळ हाय भिमा, टाकत राहा. भिमा बोलला, व्हय. बास. त्याच्या पाच मिनिटांनी झाकण उडालं. खिडकीवर पापुद्रा बसला होता म्हणे. यंत्र पापुद्राच बघत बसलं अन् आतलं आत ऱ्हायलं."

बस वाळूजच्या फाटकात शिरली. दहा मिनिटांचा अंधार कशासाठी, हे मी त्याच आठवड्यात चाचांना विचारलं. मला वाटलं होतं ते टाळतील. ते सरळ म्हणाले, "भिमा माझ्या बोलण्यावर व्हय बोलून गेला, बेटा. रागावला का माफ केलं, ते सांगायला त्याला टाइमच भेटला नाय. ते मला पायजे. दुसरं काय पायजे नाय. उजेड चालू असला की हजार गोष्टी दिसतात. सगळं बंद केल्यावर जे दिसंल, ते त्याचं असंल." हे त्यांनी अशा सुरात सांगितलं, की जणू तार बदलायची आहे. मी विज्ञानाची पदवीधर. अशा वेळी काय बोलायचं हे आम्हाला शिकवलेलं नाही. मी पंखा बंद करून त्यांच्या शेजारी उभी राहिले, आणि तेव्हापासून रोज उभी राहू लागले.

मग एकदा त्यांनी कपाटाच्या तळातून कागदांचा गठ्ठा काढून माझ्यापुढं ठेवला. सगळे अंधाराचे आलेख. अंधाराचा आलेख म्हणजे तळाशी पसरलेली बारीक गवतासारखी कुसळं, त्यात बघण्यासारखं काही नसतं. पण तीन नंबरच्या रिॲक्टरच्या काही कागदांवर, नेमक्या एकाच जागी, एक छोटा उंचवटा होता. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा. कुणीतरी चादरीखाली गुडघा वर करावा तसा. "हा कोण?" चाचांनी विचारलं. 'हे काय' असं त्यांनी विचारलं नाही. माझ्या अंगावर काटा आला, आणि काटा आला याचा मला रागही आला. मी दोन दिवस खपून कारण शोधून काढलं. पूर्वेच्या झरोक्यातून काही दिवशी सकाळचं ऊन नेमकं तारेच्या एका वळणावर पडत होतं आणि तिथलं आवरण चिरलेलं होतं. मी तार बदलायला लावली. अंधार स्वच्छ झाला, गवतासारखा. चाचांनी माझी पाठ थोपटली, "हुशार हायेस," म्हणाले, आणि त्या दिवशी डबा न उघडता घरी घेऊन गेले. मला फार वाईट वाटलं. एखाद्याच्या घरी आलेला पाहुणा मी दारातून परत पाठवला, असं काहीतरी.

तीन आठवड्यांनी तो उंचवटा परत आला. त्याच जागी. बाहेर आभाळ भरलेलं होतं, झरोक्यात ऊन नव्हतं. मी नवी तार उलगडून बोटाबोटानं तपासली, यंत्राचं झाकण उघडलं, दिव्याची फट पाहिली, गणित पुन्हा मांडलं. काही सापडलं नाही. चाचा मागे उभे राहून माझी धडपड बघत होते. शेवटी मी झाकण लावलं तेव्हा हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे, बेटा. जल्दी कायकू?" त्याचं कारण मला आजही सापडलेलं नाही.

ज्या दिवसासाठी हे सगळं सांगते आहे, त्या दिवशी सकाळी तो उंचवटा नेहमीच्या दुप्पट होता. चाचांनी नाश्ता केला नाही. तीन नंबरला बॅच चालू होती: भांड्यात एक रसायन भरलेलं, आणि वरच्या लोखंडी जाळीच्या मचाणावर उभा राहून कचरू दुसरं थोडं थोडं सोडत होता. हे सोडलेलं रसायन आत पडल्या पडल्या वापरलं गेलं तर सगळं ठीक. वापरलं न जाता साठत राहिलं, तर मनात साठवलेल्या रागासारखं ते एकदम कधीतरी बाहेर येतं, आणि त्या वेळी जवळ कुणी असू नये. साठतंय की नाही हे सांगणं हेच त्या कांडीचं काम. कचरूचा जीव, सोप्या शब्दांत, पडद्यावरच्या एका रेघेवर होता. डोसिंग, म्हणजे हे वरून सोडणं, बंद करायचं बटण माझ्या टेबलावर. मध्येच बंद केलं तर बॅच वाया.

दुपारी जेवणाची वेळ झाली. पॅनेलवरचा माणूस कॅन्टीनला गेला आणि कंट्रोल रूममध्ये मी आणि चाचा दोघंच उरलो. बाहेर लख्ख ऊन. खिडकीतून समोरच्या पत्र्यावर बसलेलं कबुतर दिसत होतं. पडद्यावर तीन नंबरची रेघ उमटत होती आणि मला जाणवलं, की ती फार सुंदर दिसते आहे. थरथर गेलेली. साठा शून्य, माल तयार होतोय, सगळं माझ्या गणितानं सांगितलं तसं. मी खूश होऊन म्हटलं, "बघा चाचा, आज कशी गुणी झालीय."

चाचा उभे राहिले. त्यांनी चष्मा काढला. पडद्याच्या इतके जवळ गेले की त्यांच्या श्वासानं काच धूसर झाली. "बेटा," ते म्हणाले, "ती हालत नाय."

"स्थिर झालीय, चाचा. प्रमाण बघा, बरोबर आहे."

"ढवळणी फिरतीय का?"

"फिरतेय."

"मग बुडबुडे कुठं गेले? जिती चीज अशी बसत नाय, मॅडम." मला ते मॅडम फक्त रागावल्यावर म्हणत. पण ते रागावलेले नव्हते. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ये देखी हुई लाइन है," ते म्हणाले.

मला अजून आठवतं, की त्या क्षणी खोली फार शांत झाली. पंखा चालू होता, तरी शांत झाली. माझं बोट बटणावर गेलं आणि तिथं थांबलं, कारण माझं गणित मला सांगत होतं, सगळं ठीक आहे. आणि खरं सांगायचं तर एका म्हाताऱ्याच्या भीतीसाठी बॅच वाया घालवली असं कुणी म्हणेल, याचीही मला भीती वाटली. मी किती वेळ तशी बसले कोण जाणे. चाचांनी माइक ओढून घेतला, आणि त्यांच्या तोंडून कचरूचं नाव आलंच नाही.

"भिमा!" ते ओरडले. "भिमा, खाली उतर! टाकू नको! लाइन खोटी हाय, खाली उतर!"

स्पीकरमध्ये खरखर झाली. आधी कुणीतरी घसा खाकरला, कोरडा, दोनदा. मग आवाज आला, "व्हऽय."

तो आवाज कचरूचा नव्हता. कचरू सात वर्षं माइकवर 'हां जी' म्हणत आला आहे. माझं बोट बटणावर दाबलं गेलं. डोसिंग बंद झालं. मी थंड पाण्याची झडप पूर्ण उघडली आणि प्रयोगशाळेला नमुना काढायला फोन केला. खिडकीतून पाहिलं, तर कचरू लोखंडी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पोचला होता. नमुना काढायला कुणी वर जायच्या आत भांड्याचं तापमान आपोआप चढू लागलं. मी सगळ्यांना अंगणात पळवलं. दाब वाढला की फुटावा म्हणून भांड्यावर बसवलेला पातळ पत्रा फुटला आणि वाफेचा लोट कचरू जिथं उभा होता बरोबर त्या जाळीवरून गेला. कठड्याचा रंग सोलून निघाला. माणूस एकही नव्हता तिथं.

कांडी बाहेर काढली तेव्हा खिडकीवर पापुद्रा होता. तयार मालाचाच, पांढरा, कागदाएवढा पातळ. यंत्र तासभर तोच बघत होतं आणि माझं गणित त्याला शाबासकी देत होतं. मॅनेजरांनी चाचांना मिठी मारली. कचरूच्या बायकोनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, तेव्हा ते लाजून कपाटामागे गेले. मी कचरूला एकटं गाठून विचारलं, "माइकवर तू बोललास ना? व्हय म्हणालास?"

"मी?" कचरू म्हणाला. "मॅडम, माझ्या कानात बोळे होते. मला काय ऐकूच आलं नाय. पायाखालची जाळी धडधडली. कुणीतरी जिन्यानं घाईनं उतरतंय असं वाटलं. म्हणलं, सगळे चाललेत, तर मीबी उतरलो. वळून बघतो तर पुढं कुणी नाय."

चौकशी झाली. छापील फॉर्मवर इतर प्रश्नांत एक प्रश्न होता: सूचनेला वरून उत्तर मिळालं का? मी बराच वेळ पेन धरून बसले. 'हो' लिहिलं तर पुढचा प्रश्न येणार, कुणाकडून? कचरूनं तर लिहून दिलेलं, की मी बोललो नाही. माझ्या गणिताची अब्रू त्या आठवड्यात आधीच गेली होती. आता माझी स्वतःची जाईल असं वाटलं. मी 'नाही' लिहिलं. खाली साक्षीदार म्हणून चाचांची सही लागत होती. त्यांनी चष्मा घालून ते दोनदा वाचलं, चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं, आणि सही केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी अंधार दहा सेकंदांत उरकला. नंतरही तसाच. तीन नंबरवर तो उंचवटा पुन्हा कधी दिसला नाही, आणि काही महिन्यांनी चाचा निवृत्त झाले. आता रेघेची थरथर कमी झाली की डोसिंग आपोआप बंद होतं आणि भोंगा वाजतो. ती व्यवस्था मी बसवली. ऑपरेटर त्या भोंग्याला चाचाच म्हणतात.

दोन वर्षं मी काही ना काही कारणानं त्यांच्याकडं जायचं टाळलं. यंदा ईदला मात्र गेले. रोशन गेटजवळच्या गल्लीत त्यांचं घर. पहिल्या खोलीत ते पलंगावर बसले होते. मेंदी सुटली होती, दाढी पांढरीशुभ्र. मला बघून इतके खूश झाले, की मला आणखीच अपराधी वाटलं. चाचींनी शीरखुर्मा आणून दिला आणि त्या आत गेल्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग ते वाटीकडं बघत म्हणाले, "बेटा, त्या दिवशी तू लिहिलं, जवाब आला नाय. बराबर लिहिलं. मलाच ऐकू आलं होतं. डॉक्टर बोलला, या वयात कान वाजतात. आदमीला जे पायजे असतं तेच ऐकू येतं म्हणे." आणि माझी चूक नाही, अशा अर्थानं हसले.

मी वाटी खाली ठेवली. "चाचा," मी म्हटलं, "आधी घसा खाकरला होता त्यानं. दोनदा. मग व्हय म्हणाला."

ते हलेनात. "खाकरला?" त्यांनी विचारलं. "हे तुला कुणी सांगितलं? कचरूला ठाऊक नाय. मी कुणालाच बोललो नव्हतो कधी. बिडीचा खोकला होता त्याला. बोलायच्या आधी दोनदा."

"कुणी सांगितलं नाही. मी ऐकलं. मी खोटं लिहिलं, चाचा."

त्यांनी मला एका शब्दानं टाकून बोलायला हवं होतं; मला ते सोसलं असतं. त्यांनी फक्त माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि डोळे मिटून घेतले, आणि त्यांच्या पांढऱ्या दाढीवरून पाणी ओघळत राहिलं. ज्या गोष्टीची त्यांनी रोज सकाळी उभं राहून वाट पाहिली, ती त्यांना मिळाली होती, आणि एक शब्द लिहून मीच ती काढून घेतली होती, याची मला इतकी लाज वाटली, की हात सोडवून घ्यायचंही सुचलं नाही.

आतून चाचींनी विचारलं, "क्या हुआ जी? कौन आया?"

"भिमा आया था," चाचा म्हणाले. "उस दिन सच्ची में आया था."

आतला भांड्यांचा आवाज थांबला.